चव्वेचाळीस ठिकाणचं नाव

पौर्णिमा जाऊन आठ महिने झाले होते, तरी ती रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी कामावर हजर होत होती. निदान यादीत तसं दिसत होतं.

हे कमळाकरचं काम. तो आणि पौर्णिमा, दोघं नवरा-बायको कर्जतच्या एका छोट्या कंपनीत होते. साजगावचे कारखाने, शाळा, दवाखाने, नदीकाठची रिसॉर्ट अशा चव्वेचाळीस ठिकाणांची नेटवर्क ही कंपनी सांभाळायची. शिडी लावून वायफायचे डबे बसवायचे, वायरी ओढायच्या हे कमळाकरचं. ऑफिसात बसून ते डबे चालवायचे हे पौर्णिमाचं. हल्ली हे सगळं क्लाउडवर असतं, म्हणजे कुठलाही डबा ऑफिसातल्या एका पानावर दिसतो आणि तिथूनच दुरुस्त करता येतो. पण त्या पानात शिरायचं तर त्या ठिकाणच्या अ‍ॅडमिनच्या यादीत नाव लागतं. पौर्णिमाचं नाव सगळ्या याद्यांत होतं.

ती गेली तेव्हा तिचा पासवर्ड कमळाकरला माहीत होता, आणि कोड यायचा तो तिच्या फोनवर. त्याने तो फोन बंद होऊ दिला नाही. भिवपुरीच्या घरून ऑफिसात आल्या आल्या तो तिच्या नावाने पान उघडायचा. तिच्या नावापुढे उमटायचं, ‘शेवटची हजेरी : आज, ९.०५’. ते वाचलं की तो चहा प्यायला जायचा. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग जूनमध्ये हुदा आली. खोपोलीची मुलगी, सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ. तिने पहिल्याच आठवड्यात याद्या चाळल्या आणि कपाळाला हात लावला.

“काका, हा कपिल कोण?”

“होता इथे. दिवाळीत पुण्याला गेला.”

“गेला कुठे? चव्वेचाळीस ठिकाणी अ‍ॅडमिन आहे तो अजून! मनात आलं तर पुण्यात बसून साजगावचा कारखाना बंद करेल.”

“कपिल? अगं, त्याला बुटाची नाडी बांधायचा कंटाळा.”

“मग त्याचा पासवर्ड दुसरा कोणी चोरेल. त्याला नसेल कंटाळा.”

एक माणूस कामावरून गेला की पौर्णिमा एकेक ठिकाण उघडून त्याचं नाव काढायची. त्यात तिचा अर्धा दिवस जायचा. तेवढा वेळ कोणी बोललेलं तिला चालायचं नाही. तिच्यामागे ते काम करायची चिकाटी कोणातच नव्हती.

हुदाने तीन आठवडे खपून एक प्रोग्रॅम लिहिला. कामावरच्या माणसांचा एक तक्ता केला: नाव, फोन, लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख. रोज दुपारी एक वाजता प्रोग्रॅम तो तक्ता सगळ्या याद्यांशी ताडून बघणार. नवीन माणूस असेल तर त्याचं नाव घालणार, गेलेल्याचं काढणार. आणि काही करायच्या आधी काय करणार ते वाचून दाखवणार. एखाद्या ठिकाणी पूर्ण हक्काचा, म्हणजे त्या जागेचा मालक धरलेला, एकच माणूस उरला असेल, तर दुसरा नेमल्याशिवाय त्याचं नाव काढणार नाही.

“हे शेवटचे दोन नियम पौर्णिमा मॅडमचे,” हुदा म्हणाली. “त्यांनी लिहून ठेवलेल्या सूचना वाचल्या मी. आधी सांग, मग हात लाव. आणि कुठलीही जागा मालकाशिवाय सोडू नको. मी फक्त मशीनला कळेल असं लिहिलं.”

पहिली चाचणी एकट्या कपिलवर झाली. हुदा जेवणाच्या डब्यातलं अंडं सोलत होती. तिचं अंडं सोलून होईपर्यंत कपिल चव्वेचाळीस ठिकाणांहून गेला होता. कमळाकर घास हातात धरून बघत राहिला. इतकं नेटकं काम त्याने बायकोच्या हातचं सोडून कुठे बघितलं नव्हतं. हे बघायला ती असायला हवी होती, असं त्याला वाटलं आणि तो उठून हात धुऊन आला.

“तक्ता तुम्ही सांभाळा,” हुदा म्हणाली. “कोण कधी आलं, कधी गेलं, ते तुमच्याइतकं इथे कोणाला माहीत नाही.”

मग तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. प्रोग्रॅमने सांगितलं होतं : उद्या काढायचं नाव, एक. पौर्णिमा.

“तक्त्यात नाहीयेत ना त्या,” हुदा हळू आवाजात म्हणाली. “उद्या एकपर्यंत तक्ता बघून ठेवाल?”

“बघतो.”

दुपारी सगळे कामाला लागल्यावर त्याने तक्त्यात एक ओळ वाढवली. पौर्णिमाचं नाव, तिचा फोन नंबर, लागल्याची तारीख. सोडल्याची तारीख त्याने कोरी ठेवली. तिचं बाकी सगळं आवरून झालं होतं. साड्या देऊन टाकल्या होत्या, बँकेतले कागद झाले होते. ही एवढी ओळ राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता प्रोग्रॅमने तिला हात लावला नाही. हुदाने स्क्रीनकडे बघितलं आणि ती पुढच्या कामाला लागली.

श्रावणात पंचेचाळिसावं ठिकाण आलं. कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका संस्थेचा दवाखाना. डबा कमळाकरनेच बसवला. प्रोग्रॅमने आपलं काम चोख केलं : तक्त्यातली सगळी नावं तिथे अ‍ॅडमिन म्हणून घातली आणि अडचण आली तर फोन करायच्या माणसांची यादी काढली, जुन्यात जुनं माणूस वर. हुदाने ती दवाखान्याला पाठवली. सगळ्यांच्या वर पौर्णिमा होती.

पुढच्या मंगळवारी सकाळी कमळाकर साजगावला शिडीवर होता. खिशात पौर्णिमाचा फोन वाजला. दहा महिन्यांत तो कोड सोडून कशासाठी वाजला नव्हता.

“पौर्णिमा मॅडम का? मी सोमी बोलतेय, दवाखान्यातली. नेट गेलंय वो.”

“मॅडम बाहेर गेल्यात,” तो म्हणून गेला.

“कवा येतील?”

“येतील. सांगतो त्यांना.”

तो हुदाला कळवणार होता. पण निरोप कोणत्या फोनवर आला हे तिला काय सांगायचं? त्याने आधी हातातली वायर ओढून घेतली. अर्ध्या तासाने फोन परत वाजला.

“दादा, मॅडम आल्या का? आज मंगळवार हाय. डॉक्टर पनवेलला बसत्यात अन् पडद्यावर पेशंट बघत्यात. बाया पोरं घेऊन वाडीवरनं चालत आल्यात.”

“आल्या की लगेच बघतील, ताई.”

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मागे मूल रडत होतं.

“दादा, मॅडमना जरा द्या ना. दोन शब्द बोलते मी.”

कमळाकर शिडीवरून उतरला आणि खालच्या पायरीवर बसला.

“ताई, पौर्णिमा माझी बायको. दहा महिने झाले तिला जाऊन.”

पलीकडे ते मूल तेवढं ऐकू येत होतं.

“मंग नाव कशाला ठेवलंय, दादा?” सोमी म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मी सकाळपासनं त्यांचीच वाट बघतेय. दुसऱ्या कोणाला फोन पण नाय केला.”

“चूक माझी आहे, ताई. मी निघालोच.”

त्याने मोटारसायकलवरून कर्जत गाठलं, नवीन डबा घेतला आणि हुदासमोर उभा राहिला.

“हुदा, तक्त्यात तिचं नाव मी घातलं.”

“माहीत आहे, काका. कोणी कधी काय लिहिलं ते दिसतं.”

“मग बोलली का नाहीस गं? एरवी मला गप्प बसू देत नाहीस.”

“यात मी कशी बोलू? वाटलं, तुम्हीच काढाल कधीतरी.” ती खाली बघत म्हणाली, “यादी तर मीच पाठवली ना दवाखान्याला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.”

कमळाकर तिच्या खुर्चीवर बसला. सोडल्याची तारीख त्याला आठवावी लागली नाही. त्याने ती लिहिली आणि उठला. तारीख बघून हुदाने चष्मा काढला आणि ओढणीने पुसला.

“सतरा ठिकाणी पूर्ण हक्काच्या त्या एकट्याच आहेत,” ती म्हणाली. “तिथे प्रोग्रॅम थांबणार. आधी त्यांच्या नावाने शिरून दुसरा माणूस नेमावा लागेल. कोड लागेल.”

त्याने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

“घे. तिथे दोन नावं घाल. तुझं आणि माझं.”

“तुमचं पूर्ण हक्काने?”

“हो. रोज उघडतोच की मी. आता माझ्या नावाने उघडतो.”

कशेळ्याचा चढ चढून तो दवाखान्यात पोचला तेव्हा सव्वा वाजला होता. ओसरीवर दहा-बारा बाया बसल्या होत्या. सोमी वयाने त्याच्याएवढीच निघाली. तिने पाणी पुढे केलं. आधीचा डबा वीज पडून जळला होता. तिथलीच शिडी लावून त्याने नवीन बसवला, आपल्या फोनवर पान उघडलं आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावाने आत शिरला. डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

तेवढ्यात हुदाचा फोन आला.

“काका, झालं.”

“सगळीकडचं?”

“सगळीकडचं. कुठलीच जागा मालकाशिवाय राहिली नाही.”

“ती असती तर आणखी एकदा तपासलं असतं.”

“मी दोनदा तपासलं, काका.”

“मग बरोबर आहे,” तो म्हणाला. “तिला आवडलं असतं तुझं काम.”

आत पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा आला. सोमीने दारातून हाक दिली, “हिरू, ये गं, तू पयली.” कडेवर मूल घेतलेली एक बाई उठली. कमळाकरने शिडी भिंतीशी सरकवली आणि तिला वाट करून दिली.