थोपटत केलेली तयारी

आमच्या ऑफिसात एक नियम आहे: जो बोलेल त्याचं काम. इमारतीचा नकाशा कुणीही काढो, गिऱ्हाइकासमोर उभं राहून तो ज्याने समजावून सांगितला, त्याच्याकडेच ते काम शेवटच्या खिळ्यापर्यंत राहतं. मॅडमचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक अडलं की ज्याचं तोंड पाहिलंय त्यालाच फोन करतं, मग उगीच दोन माणसं कशाला गुंतवायची. आणि माणसं तशीही तीनच. मॅडम, मी आणि फूटपट्टी. फूटपट्टी म्हणजे आमचा ड्राफ्ट्समन. उंच, सरळ, आणि कुणाचं काही चुकलं की हलकेच टोचणारा.

बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून मी फक्त संडास, बाथरूम आणि जिने काढत होते. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मुलीला ताप आला आणि मी मधूनच उठून गेले, तर अर्धवट राहिलेला जिना कुणीही पुरा करू शकतो, एवढाच विचार. तो बरोबर होता म्हणूनच जास्त लागत होता. फूटपट्टी एकदा म्हणाला, "तुमच्या हातचे संडास आता लांबून ओळखू येतात मला." मी तिथे हसले आणि घरी येऊन नवऱ्यावर डाफरले.

मग वाचनालयाचं काम आलं. तळमजल्यावरच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत त्यांना बालविभाग करायचा होता. ती खोली मी गुंडीला मांडीवर घेऊन काढली. गुंडी आमची मुलगी, अजून वर्षाची नाही, डोळे शर्टाच्या गुंड्यांसारखे गोल. मुलाच्या हाताला लागतील अशी बुटकी कपाटं, मोठ्या खिडकीखाली बसायला बाक, आणि वर्तमानपत्रं वरच्या मजल्यावर. मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"चांगलं जमलंय. शुक्रवारी त्यांची समिती आणि वाचक बसणार आहेत. तू बोलशील? नाहीतर मी बोलते."

दोघींनाही नियम ठाऊक होता. मी बोलले नाही, तर खोली माझी राहणार नव्हती.

"बोलते," मी म्हणाले.

मी मुळातच काळजी करणारी. गुंडी गाढ झोपली तरी नाकाशी बोट धरून पाहते, आणि जागी असली तर भिंतीतली प्लगची भोकं, टेबलांचे कोपरे, जमिनीवरचं बटण असं सगळं मला तिच्या आधी दिसतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की हीच नजर माझ्यावर उलटते. कोण जांभई देतंय, कोण घड्याळ बघतंय, सगळं दिसतं, आणि मग माझी गाडी सुसाट सुटते. म्हणून भाषण घोकून पाठ करायचं ठरवलं. पण कधी? दिवसभर ऑफिस, घरी आल्यावर पोर अंगाला चिकटलेलं. मोकळी अशी एकच वेळ सापडली: तिला झोपवतानाची. गुंडीला खांद्यावर टाकायचं, पाठीवर थोपटायचं आणि येरझाऱ्या घालत म्हणायचं, "या खोलीत... उजेड येतो... उत्तरेकडून..." तिला काय, आईचा आवाज असला म्हणजे झालं. दोन-तीन चित्रांबद्दल बोलून होईपर्यंत ती झोपायची. माझा पाठ पक्का होत गेला आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

ऑफिसातली रंगीत तालीम जेवणानंतर होती. मी भिंतीपाशी उभी राहिले, पहिलं चित्र लावलं आणि एकदाही न अडखळता, कागदाकडे न बघता, शेवटपर्यंत बोलले. संपल्यावर पाहिलं, तर फूटपट्टीची हनुवटी छातीला टेकली होती. मॅडम डोळे ताणून बसल्या होत्या, लग्नात अवघडून बसलेल्या पाहुण्यांसारख्या.

"तुला एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तू डुलत का होतीस?"

"मी? डुलत?"

"या पायावरून त्या पायावर. आणि रिमोट घेतलेल्या हाताने मांडीवर थोपटत होतीस. दर चित्राला आवाज आणखी खाली. शेवटी शेवटी मला वाटलं, आता पांघरूण घालणार."

फूटपट्टी दचकून जागा झाला आणि म्हणाला, "उजेडापर्यंत ऐकलं हां मी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक वाक्य मी थोपटण्याच्या ठेक्यावर बसवलं होतं. नवीन चित्राला आवाज खाली न्यायची सवय लागली होती, कारण जोरात बोललं की गुंडी दचकायची. माणसं झोपावीत म्हणून जे जे करायचं असतं ते सगळं मी मन लावून पाठ केलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "मी मागच्या रांगेत बसेन. अगदीच वाटलं तर मी उठेन." त्या उठल्या की काम त्यांचं. त्या तसं बोलल्या नाहीत, बोलायची गरज नव्हती.

घरी येऊन ठेका मोडायचा प्रयत्न केला. ताठ उभी राहिले तर शाळेतल्या कवायतीसारखं वाटायला लागलं, मोठ्याने बोलले तर भांडल्यासारखं. नवरा म्हणाला, "अगं, सहज बोल ना, आपण बोलतो तसं." त्याला म्हटलं, आपण बोलतो तसं बोलले तर समिती पोलिसांना बोलावेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई गुंडीला भरवत होत्या. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या हातून ती दोन घास खाते आणि तिसऱ्याला तोंड मिटते. मग मी चमचा ओठांवर दाबते, "खा ना गं राजा" करत गयावया करते, आणि गाजर सगळं माझ्या बाहीवर. सासूबाईंकडे मात्र वाटी रिकामी होत होती, आणि त्या काहीच करत नव्हत्या असं वाटत होतं. चमचा वर आणायच्या आणि मध्येच हवेत थांबवायच्या. गुंडी बघायची. त्या काही बोलायच्या नाहीत. गुंडीच पुढे झुकायची. एकदा तिने मान फिरवली, तर सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि त्याही तिकडेच बघायला लागल्या.

"काय गं तिकडे? पडदा हलतोय होय?"

दोघींनी मिळून पडदा पाहिला. मग गुंडी आपणहून वळली.

"आई, तुम्ही मध्येच थांबता का?" मी विचारलं.

"तोंडात घास असताना दुसरा कुठे कोंबू?"

"आणि तिने मान फिरवली की?"

"मग तिकडे काय आहे ते बघायचं. काहीतरी असतंच." त्यांनी माझ्याकडे न बघता गुंडीची हनुवटी पुसली. "तुझं कसं आहे, तुला तिचं तोंड म्हणजे टपालपेटी वाटतं. टाकलं की झालं काम."

एरवी हा टोमणा मी रात्रीपर्यंत चघळला असता. त्या दिवशी मात्र म्हटलं, "आजपासून संध्याकाळचं मी भरवते."

"ही अवदसा कुठून आठवली?" त्या म्हणाल्या, पण चमचा दिला.

मग मी खुर्चीला टेकवून चित्रं उभी केली आणि भाषणाची तयारी भरवताना करायला लागले. एक चित्र दाखवायचं आणि थांबायचं. गुंडी चित्राकडे बघेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बघितलं की एक वाक्य आणि एक घास. तो गिळेपर्यंत पुन्हा गप्प. हे गप्प राहणं इतकं अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. जीभ नुसती शिवशिवते. नवरा कामावरून आला तेव्हा दुसऱ्या चित्रातल्या कपाटावर गाजराचा शिंतोडा होता आणि मी गुंडीला विचारत होते, "या फळीवर तुझा हात पोचेल का?"

"समितीच्या गळ्यात लाळेरं बांधणार आहेस का?" तो म्हणाला.

शुक्रवारी सभा त्याच खोलीत होती. वर्तमानपत्रांची लाकडी टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे समिती, मागे वाचक. दुसऱ्या रांगेच्या टोकाला, खिडकीपाशी, एक काठीवाले काका. अगदी मागे मॅडम, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर.

मी नमस्कार केला आणि पहिलं चित्र लावलं. हीच खोली, पण जमिनीलगत डोळे ठेवून काढलेली: टेबलांची खालची बाजू, खुर्च्यांच्या पायांचं जंगल, आणि पुस्तकं कुठेतरी ढगात. लावलं आणि थांबले. कुणीतरी खाकरलं. माझे पाय डुलायला उतावीळ झाले होते, त्यांना दामटून उभं केलं.

"ही खोली अशी कुणाला दिसत असेल?" मी विचारलं.

"चक्कर येऊन पडलेल्याला," मागून एक आवाज आला. लोक हसले.

"रांगणाऱ्या पोराला," समितीच्या सचिव बाई म्हणाल्या आणि खुर्चीत पुढे सरकल्या. त्या पुढे सरकल्या तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला.

पुढची दोन चित्रं चांगली गेली. मी एक सांगायचे, तोंडं बघायचे, मग दुसरं. कुणाच्या कपाळाला आठी पडली की तिथेच थांबायचे. जी नजर आजवर मला पळवत होती, ती आता मला सांगत होती, की हे गिळलं, आता पुढचं दे. मला चक्क मजा यायला लागली होती.

मग खिडकीखालच्या बाकाचं चित्र लावलं, आणि काठीवाल्या काकांनी मान फिरवली. पुढचं चित्र वरच्या मजल्याच्या वाचनकक्षाचं होतं. त्यावर माझी चार छान वाक्यं तयार होती. अंगठा बटणावर होता. पण काका खऱ्या खिडकीकडे बघत होते.

मी रिमोट टेबलावर ठेवला. "काका, तिकडे काय आहे?"

"काही नाही. चालू द्या तुमचं."

मी चालू दिलं नाही. समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मागे मॅडमनी पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि खुर्चीचा हात धरला. आता उठणार. तोंडात इतके शब्द जमले होते की दात आवळून धरावे लागले.

"तुमच्या चित्रात तिथे एक मुलगी पुस्तक घेऊन बसलीय," काका शेवटी म्हणाले. "तिथे मी बसतो. आम्ही चौघं. उजेड येतो, पण डोळ्यावर येत नाही. वरच्या खोलीत बसलो तर छपाई दिसत नाही. आणि तुमचा तो जिना या गुडघ्यांना कोण चढवणार?"

"काका, ते ठरलंय ना आता," अध्यक्ष म्हणाले.

"ठरलं ते तुमचं. गुडघे माझे."

मी जाऊन काकांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. सभा तशीच बघत राहिली. तिथून उजेड खरंच वेगळा होता. मी खोली चार वेळा मोजली होती, पण त्या जागी बसून कधी पाहिली नव्हती.

"मुलांचा गलका चालेल तुम्हाला?" मी विचारलं.

"आम्हा चौघांना मिळून दीड कान आहे. पायात आली नाहीत म्हणजे झालं."

"आणि मुलांनी काय अंधारात बसायचं?" सचिव बाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

मी उठले. "याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही," मी म्हणाले. "हा बाक मी चुकीच्या माणसासाठी काढला, किंवा एकाच माणसासाठी काढला. वर्तमानपत्रं खालीच ठेवून, खिडकी दोघांना मिळेल असा नवा नकाशा पुढच्या आठवड्यात आणते. बाकीची खोली तुम्हाला पटली आहे का, तेवढं आज सांगा."

मॅडमचा हात अजून खुर्चीवर होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. समितीची डोकी एकमेकांजवळ गेली. अध्यक्ष काहीतरी पुटपुटले, सचिव बाई ठामपणे काहीतरी म्हणाल्या. मग अध्यक्षांनी मान वर केली.

"खोली पटली. काम यांनाच द्या. फक्त खिडकीचं काकांना विचारून करा, नाहीतर ते आम्हाला सुखाने जगू देणार नाहीत."

बाहेर पायरीवर मॅडम म्हणाल्या, "मी दोनदा उठणार होते."

"एकदा पाहिलं मी."

"दुसऱ्यांदा तू खुर्चीवर बसलीस, तेव्हा. म्हटलं, हिला चक्कर आली." त्यांनी पर्समधून वाचनालयाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "सोमवारी जाऊन मापं घे. फोन तुलाच येणार आता."

सोमवारी सकाळी मी कुलूप काढायला गेले, तर काका आधीच दारात उभे होते. मी टेप काढली, त्यांनी न सांगता दुसरं टोक धरलं. खिडकीची रुंदी घेतली, उंची घेतली, मग म्हटलं, "तुम्ही बसा बघू एकदा, पाय जमिनीला नीट टेकवून." ते खिडकीपाशी आपल्या रोजच्या बाकड्यावर बसले. मी खाली वाकून त्यांच्या गुडघ्याची उंची मोजली.

"पोरं कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"शाळा सुटल्यावर."

"मग सकाळ आमची."

"सकाळ तुमची."

"आणि दुपारी एखादं शाळेतच न जाणारं बारकं आलं तर?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, थोडे बाजूला सरकले आणि आपल्या शेजारच्या रिकाम्या फळीवर हात फिरवला.

"एवढ्यात मावेल एखादं?"

मी टेप लावली. मावत होतं.