माईंच्या पेल्यातल्या दोन रेघा

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. गुबगुबीत खुर्चीतल्या माईंनी एका बाईची गर्भतपासणीची पट्टी उंच धरली आणि माइकवर गर्जना केली, "दोन रेघा! बघा गं, डॉक्टर हरले, माई जिंकली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी रडलं, कुणी माईंच्या पायांवर लोळण घेतली.

पुढच्या रांगेत थोरली दातओठ खात बसली होती. शेजारी पोटावर हात ठेवून तिची धाकटी जाऊ. मागच्या आठवड्यात इथंच, माईंच्या पेल्यात, धाकटीच्या पट्टीवर अशाच दोन रेघा उमटल्या, आणि तेव्हापासून घरात धाकटीच्या पाठीला उशी, दुधावरची साय धाकटीच्या वाटीत. थोरलीला मधुमेह, वर थायरॉइडचं दुखणं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "आधी साखर ताब्यात आणू, मग प्रयोगशाळेत तयार केलेला तुझा गर्भ आत सोडू. आशा आहे, पण घाई नको." रोज पोटात इन्शुलिनच्या सुया टोचून घ्यायच्या थोरलीनं, आणि पोट दिसणार धाकटीचं! परवा जिन्यात धाकटीला घेरी आली, तेव्हा थोरलीच्या मनात 'पडली तर?' असं जे चमकून गेलं, ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तिला मिळालं, मग मला का नाही? एवढ्याच हट्टानं ती सासूबाईंबरोबर इथं आली होती.

"सुया फेकून दे, पोरी," माई म्हणाल्या. "पोट म्हणजे काय टाचण्या खोचायची उशी आहे? सुईला भिऊन बाळ दारातूनच परत जातं! माझ्यावर नको ठेवू विश्वास. पट्टी विज्ञानाचीच आहे, तीच बोलेल."

माईंनी मंत्रून दिलेला कागदी पेला घेऊन थोरली न्हाणीघरात गेली. धास्तीनं लघवी काही होईना. बाहेरून दारावर थापा. "आटपा हो बाई!" रिकामा पेला घेऊन धाकटीसमोर कसं जायचं? तिनं नळ सोडला, पेला अर्धा भरला. एकच रेघ येईल, ब्याद टळेल.

माईंनी पट्टी बुडवली. एक रेघ उमटली. मग शेजारी, हळूच, दुसरी.

सासूबाईंनी तिला कडकडून मिठी मारली. थोरलीनं पट्टी पुन्हा निरखली. नळाच्या पाण्याला दोन रेघा? म्हणजे धाकटीच्याही खोट्याच! तिचं काळीज असं थंड झालं की विचारू नका. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

तेवढ्यात धाकटी तिच्या गळ्यात पडली. खरंच रडत होती ती. "ताई, दोघींची बाळं बरोबर वाढतील! आता तू सुया सोडच. मी नाही का, माईंनी सांगितल्या दिवसापासून फिटच्या गोळ्या बंद केल्या?"

जिन्यातली ती घेरी थोरलीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिचा सगळा आनंद झरकन उतरला.

"माई," ती मोठ्यानं म्हणाली, "पेल्यात मी नळाचं पाणी भरलं होतं. पेढे वाटायचे तर नळाच्या नावानं वाटा. त्याला दिवस गेलेत!"

हॉलमध्ये खसखस पिकली.

"अगं, नळातसुद्धा माझीच शक्ती उतरली!" माई गरजल्या.

"मग माझ्या बाटलीतल्या पाण्यात उतरवा," मागून एक बाई म्हणाली. तिनं माईंच्या थप्पीतला एक पेला उचलला, दुसरा बाहेरच्या चहावाल्याकडून आणला. दोन्हींत एकच पाणी ओतलं, दोन्हींत पट्टी बुडवली. चहावाल्याच्या पेल्यात एक रेघ, माईंच्या पेल्यात दोन. माइक बंद पडला. माई मागच्या दारानं पसार झाल्या.

"गर्भ राहिला की शरीरात जे द्रव्य तयार होतं, ते ही पट्टी ओळखते," डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी समजावलं. "तेच द्रव्य आमच्या एका इंजेक्शनात असतं. त्याचे थेंब पेल्याच्या तळाशी वाळवून ठेवले की झालं. त्यात काहीही ओता!"

धाकटीच्या रक्ततपासणीत गर्भ नव्हता. ती हमसाहमशी रडली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मनातून हलकं वाटतंय याची तिला लाजही वाटली. फिटच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. गरोदरपणात चालतील अशा गोळ्या डॉक्टर पुढं बदलून देणार होते.

थोरलीची साखर उतरली, गर्भ सोडला. पहिल्या खेपेला तो रुजला नाही. दुसऱ्या खेपेची तयारी चालू आहे.

"ताई, मला आधी दिवस गेले तर?" धाकटीनं एकदा विचारलं.

"जळून खाक होईन," थोरली म्हणाली. "पण तू गोळी चुकवू नकोस."

बायांनो, आशा जरूर धरा. पण चालू औषध सोडा म्हणून कुणी सांगितलं, तर त्याच्या चमत्काराची तपासणी मागा. आणि तपासणीचं नाव काढताच तो चिडला, तर तिथून सरळ उठा.