विभागप्रमुखांमार्फत

कल्याण सरांनी शेवटच्या बाकावर बसून मूल्यमापनाचा फॉर्म मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. समोर अक्षता फळ्यावर लिहीत होती : १८०३, अमेरिका, मार्बरी विरुद्ध मॅडिसन. तिची नोकरी कायम व्हायची तर विभागप्रमुख म्हणून सरांचा शेरा हवा होता. आणि सरांच्या कोटाच्या आतल्या खिशात तिच्या नावाचं एक पत्र नऊ दिवस पडून होतं.

दिल्लीचं बोलावणं होतं ते. संविधान शिकवणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासवर्ग. साऱ्या मराठवाड्यातून एकच नाव. सरांनी स्वतः तीनदा अर्ज केला होता, तीनदा साधी पोचसुद्धा आली नव्हती. आणि केदारखेड्याच्या भिवाची ही पोरगी, जिला त्यांनीच याच वर्गात मार्बरी शिकवला, तिला पहिल्याच फटक्यात बोलावणं! जळले सर, सरळ सांगायचं तर. पोटदुखीला ओवा तरी असतो, ह्याला काय घ्यायचं? पत्र विभागप्रमुखांमार्फत आलं, म्हणून त्यांनी वाचलं. "देतो की," असं शिपायाला म्हणाले आणि खिशात घातलं. संमती कळवायची तारीख परवाच उलटली होती.

वर्ग गच्च भरलेला. सरांच्या तासाला स्टेशनसमोर चहा पीत बसणारी पोरंसुद्धा आज पुढच्या बाकांवर होती.

"मार्बरीला न्यायदानाच्या पदावर नेमलं," अक्षता म्हणाली. "राष्ट्राध्यक्षांची सही झाली, शिक्का बसला. मंग अडलं कुठं?"

"कागद पोचलाच न्हाई, मॅडम!"

"बराबर. आपल्याकडं दाखल्याचं होतं तसं. सही झालेली, अन् कागद कुणाच्या तरी टेबलावर."

वर्ग हसला.

"तो पोचवायचं काम होतं मार्शल यांचं, तेव्हा ते मंत्री होते. त्यांच्याकडून राहिला, अन् नवे मंत्री मॅडिसन यांनी तो दिलाच नाही. दोन वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा सरन्यायाधीश कोण?"

"मार्शलच?" एक पोरगी म्हणाली. "म्हंजे चूकबी त्यांचीच अन् न्यायबी त्यांनीच करायचा?"

"हो. खरं तर त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं. झाले नाहीत. म्हणाले, मार्बरीचा हक्क खरा. पण कायद्याच्या ज्या कलमाचा आधार घेऊन तो थेट आमच्याकडं आला, ते कलमच संविधानात बसत नाही. केलं ते कलम रद्द! कायदेमंडळाचा कायदा कोर्टानं तपासायचा, ही वाट तिथून पक्की झाली. आज आपण कायद्याविरुद्ध हायकोर्टात जातो, ते त्याच वाटेनं."

"अन् मार्बरीला काय मिळालं, मॅडम?"

"काहीच न्हाई."

सर वीस वर्षं हा खटला शिकवत आले, पण मार्बरीचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा हात कोटावर गेला.

तास संपल्यावर ते पुढे गेले आणि पत्र तिच्यापुढे ठेवलं.

"हे द्यायचं राह्यलं होतं."

अक्षतानं ते उभ्यानंच वाचलं. तारखेवर तिचं बोट थांबलं.

"राह्यलं, का ठेवलं, सर?"

सर पहिल्या बाकावर टेकले. मूल्यमापन करणाऱ्याच्या रकान्यातलं स्वतःचं नाव त्यांनी खोडलं आणि खाली लिहिलं : 'यांचं मूल्यमापन माझ्या हातून होऊ नये. दिल्लीहून आलेलं यांचं पत्र मी जाणूनबुजून दाबून ठेवलं. तसं तिकडे कळवून मुदत मागावी.' मग सही केली.

शिपाई दारातच उभा होता.

"द्या सर, मी नेऊन देतो."

"नको, कारभारी. मीच पोचवतो."

मागे शंका विचारायला पोरांनी अक्षताला गराडा घातला होता. सरांच्या पोटात पुन्हा तीच कळ उठली. ती तशीच घेऊन ते प्राचार्यांच्या खोलीचा जिना चढू लागले.