टोंकाचे अडीच ग्रॅम

आमच्या परफ्यूमच्या कारखान्यात त्यांना सगळे 'नाक' म्हणत. तोंडावर अर्थातच 'साहेब'. तीस वर्षं त्यांनी वास जुळवले. त्यांच्या कागदावरचे आकडे काट्यावर तोलून बाटलीत ओतायचं काम माझं, अकरा वर्षं. काटा बोलत नाही, म्हणून मीही बोलू नये, असा इथला रिवाज.

या खेपेला गिऱ्हाईक बाईंना वर्षावनाचा वास हवा होता, ताजा आणि उबदार. म्हणजे खिडकीही उघडी हवी आणि अंगावर पांघरूणही! वर्षावन आमच्यापैकी कुणाच्या बापाने पाहिलं नव्हतं. तिथल्या एका उंच झाडाच्या बिया मात्र आल्या, टोंका नावाच्या. काळ्या, सुरकुतलेल्या, पण वास वाळलेल्या गवतात बदाम सांडल्यासारखा. मी हातातलं काम सोडून डबीपाशीच उभी राहिले.

मालकीणबाईंनी साहेबांना माझ्यासमोरच बजावलं होतं. आधीचे दोन परफ्यूम पडले, हाही पडला तर त्यांच्या जागी बाहेरून नवा माणूस येईल.

नवा जिन्नस आला की साहेब त्याच्याबरोबर संसारच थाटत. बिया खिशात, उशाखाली, शर्टांच्या कप्प्यात. वास घेऊन नाक थकलं की या धंद्यातली माणसं स्वतःची बाही हुंगतात, तेवढ्याने नाक ताजं होतं. साहेबही तेच करत.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नमुन्यात बुडवलेली कागदी पट्टी हुंगली, बाही हुंगली, पुन्हा पट्टी हुंगली.

"टोंका कुठंय यात? वाढव."

शंभर ग्रॅममागे दोन ग्रॅम अर्क होता, त्याचा चार केला. "अजून." कागदावर चाराचे नऊ झाले. माझं डोकं गरगरायला लागलं.

त्याच दिवशी त्यांची थोरली बहीण विसरलेला चष्मा द्यायला आली. दारातूनच म्हणाली, "अगं, याचे शर्ट इस्त्री करताना डोकं उठतं माझं. घरभर त्या बियांचा घमघमाट, आणि हा विचारतो, कसला वास?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ज्या बाहीवर ते नाक ताजं करत, तीच टोंकात मुरली होती. त्या एका वासापुरतं साहेबांचं नाक बहिरं झालं होतं.

"साहेब, टोंका जरा जास्त वाटतोय."

"काट्याला कधीपासून वाटायला लागलं?"

राग आला. पण त्यांची नोकरी जावी, इतका नाही आला. मी नऊऐवजी अडीच ग्रॅम तोलले. कळलं असतं तर नोकरी माझीच गेली असती. साहेबांनी कागदावरचा नऊचा आकडा पाहत नमुना हुंगला आणि मान डोलावली. "हं. आत्ता जमलं."

गिऱ्हाईक बाईंनी पट्टी नाकाशी धरली ती खाली ठेवेचनात. "ताजं आहे. आणि उबदारसुद्धा!"

"टोंका सढळ हाताने घालावा लागतो," साहेब म्हणाले. "लोक उगाच घाबरतात."

पण कागद आता मोठ्या टाक्यांकडे जाणार होता आणि त्यावर नऊच लिहिलेले होते. संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा उतरला.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही नऊ लिहिले तेव्हा."

त्यांनी स्टुलावर बसून स्वतःची बाही पुन्हा एकदा हुंगून पाहिली. मला त्यांची फार दया आली. मग त्यांनी नऊ खोडून अडीच लिहिले. तेवढ्यात मालकीणबाई आत आल्या. साहेबांनी झोकात सही ठोकली आणि मोठ्याने मला म्हणाले, "अति तेथे माती. हेही मीच सांगायचं का तुम्हाला?"

दयाबिया सगळी पळाली.

साहेबांची नोकरी टिकली. सोमवारी त्यांनी नव्या परफ्यूमचा कागद माझ्यापुढे ठेवला. जिन्नसांची नावं होती, आकड्यांच्या जागा कोऱ्या.

"आकडे, साहेब?"

त्यांनी उठून दार लावलं. "तू भर. सही मी करतो."

मी पेन घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी विचारलं होतं, आणि तेही दार लावून. इतका आनंद झाला की माझी मलाच चीड आली.