तबलीतली तिसरी पट्टी

सुनेने तबली खिडकीतल्या उन्हासमोर धरली आणि लाकडातून तिला स्वतःची बोटं दिसली. पिवळसर उजेडात चार काळपट बोटं, स्पष्ट मोजता येतील अशी.

तिने फळी खाली घेतली, खिडकीची काच पदराने पुसली आणि पुन्हा धरून पाहिली, जणू दोष काचेचाच होता. बोटं जागची हलली नव्हती.

मँडोलिनच्या पेटीवरची ही फळी म्हणजे तबली. आठ तारा ताणल्या की सगळा भार तारांखालच्या घोडीतून हिच्याच छातीवर उतरतो. म्हणून मधोमध ती चार मिलीमीटरच्या खाली जाता कामा नये, हे सुनेला याच बाकावर बसून कळलं होतं. जाडी मोजायचं यंत्र खणाच्या तळाशी पडलेलं असे. ज्यांना कान नाहीत त्यांचं खेळणं, असं सासरे त्याला म्हणत. तिने ते शोधून काढलं. काटा अडीचवर थांबला.

सासरे तबली पात्याने खरवडत, बोटाच्या पेराने ठोकत आणि कानाशी नेत. लाकूड घुमायला लागलं की म्हणत, उघडली, आणि पातं ठेवून देत. एरवी हे काम दुपारपर्यंत आटपायचं. ही फळी मात्र त्यांनी दोन दिवस खरवडली होती. अजून उघडत नाही, हट्टी आहे, असं पुटपुटत होते. आणि पलीकडच्या खोलीत पॉलिशचा बोळा फिरवताना सुनेला ती आदल्या दिवसापासून घंटेसारखी ऐकू येत होती. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याला यंदा काहीतरी विशेष साधायचं आहे.

गेल्या महिन्यात एक मँडोलिन परत आलं होतं. तबली आत दबलेली, घोडी कललेली. उन्हात गाडीत ठेवलंत, म्हणून सासऱ्यांनी गिऱ्हाइकालाच झापलं होतं. गिऱ्हाइकाकडे गाडीच नव्हती, पण ते बोलायची त्याची छाती झाली नाही. त्या दिवशी जेवताना सासरे म्हणाले होते, आणखी एक परत आलं की हत्यारं विकून टाकीन. आवाज चढवला नव्हता. घरात सगळे घाबरले ते त्यामुळेच.

सासूबाई मागच्या दारात मटार सोलत बसल्या होत्या. सुनेने कुजबुजत सगळं सांगितलं. त्यांनी आधी आपल्या पद्धतीने उडवून लावलं. चाळीस वर्षं माझं बोलणं ऐकू येत नाहीये, तेव्हा कुणी कान तपासले नाहीत, आता एका फळीसाठी एवढा गहजब. मग त्यांचा हात शेंगेवर थांबला.

"त्यांना सांगू नकोस गं," त्या म्हणाल्या. "हा माणूस रिकामा बसला तर चार दिवससुद्धा जगायचा नाही."

तबलीच्या आतून सासरे दोन पट्ट्या चिकटवत, आधारासाठी. दुसऱ्या दिवशी ते लाकूडवाल्याकडे गेले तेव्हा सुनेने तिसरी तासली. सरस गरम केला, पट्टी दोन्हींच्या मधे बसवली, शिकंजे आवळले. पेटी बंद करणं आणि पॉलिश ही तिचीच कामं, म्हणजे आत कुणी डोकावणार नव्हतं. प्रश्न फक्त सरस वाळेपर्यंतचा होता. फाटक वाजलं तेव्हा तो अर्धाही वाळला नव्हता. तिने शिकंज्यांसकट फळी बाकाखाली सरकवली आणि समोर उभी राहिली.

सासऱ्यांच्या कानांचं काहीही झालेलं असो, नाक शाबूत होतं. सरस कशाला तापवलास, त्यांनी विचारलं. खुर्चीचा पाय निघाला होता, तिने सांगितलं. कुठल्या खुर्चीचा, तर स्वयंपाकघरातल्या. मग ते हातपाय धुवायला गेले तेवढ्यात तिला स्वयंपाकघरात जाऊन एका धडधाकट खुर्चीचा पाय खरोखरच उपटावा लागला. सासूबाई बघत राहिल्या. मग त्यांनी खुर्चीचा दुसरा पाय पुढे केला.

पुढचे तीन आठवडे ती लाखेच्या पॉलिशचे हात देत राहिली. प्रत्येक हातागणिक लाकडाला मधासारखा रंग चढत गेला आणि तिची झोप उडत गेली. पट्टी पुरेल का? की सासरे चार दिवसांचेच राहतील, आणि तेही तिने गप्प राहून केलेलं असेल?

तारा चढवायच्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी तिला समोर बसवलं. गिऱ्हाईक उद्या येणार होतं. त्यांनी जाड तारांची जोडी आधी घेतली. ते खुंटी पिळत होते आणि सुनेची नजर तबलीच्या उंचवट्यावर खिळली होती. दुसरी जोडी. तिसरी. चौथीला कट्ट असा आवाज झाला.

तार घोडीच्या खाचेत बसली होती, एवढंच. सासऱ्यांनी मान वर केली नाही. त्यांना तो आवाज पोचलाच नव्हता.

सूर जुळले. तबली तशीच उभी होती. सासऱ्यांनी एकदा सगळ्या तारांवरून हात फिरवला आणि सुनेला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी अंगठा घोडीच्या पुढे ठेवून हलकेच दाबला. पुन्हा दाबला. मग बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

"मी पट्ट्या दोन लावल्या होत्या," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"आता किती आहेत?"

"तीन."

मँडोलिन त्यांनी मांडीवरून उचलून बाकावर ठेवलं. फार सावकाश.

"मधे किती उरली होती?"

"अडीच."

त्यांनी कान पुढे केला. तिला पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी मोठ्याने. अडीच. सगळ्या घराने ऐकलं असं तिला वाटलं.

"अंगठा सांगत होता, थांब," ते म्हणाले. "मी कानाचं ऐकलं."

ते उठले आणि भिंतीकडे गेले. तिथे पटाश्या, रंधे, पाती ओळीने टांगलेली होती. ते एकेक हत्यार निरखत उभे राहिले. मग त्यांनी पातं काढलं, फडताळातून नवी कोरी तबली घेतली आणि जागेवर येऊन बसले.

चार हात खरवडलं. पेराने ठोकलं. फळी कानाशी नेली नाही. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

पुन्हा चार हात. पुन्हा ठोका. पुन्हा तिच्याकडे.

लाकूड अजून जाड होतं, मुकं होतं. दुपारपर्यंत कधीतरी ते एका क्षणी उघडणार होतं. त्यानंतर चार हात जास्त पडले की गेलंच. तो क्षण कसा असतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती पलीकडच्या खोलीतून नुसती ऐकत आली होती.

सासऱ्यांनी ठोकलं आणि पाहिलं.

सुनेने स्टूल जवळ ओढलं आणि मान हलवली. अजून नाही.