सगळ्यात वरचा झेंडू

चारुशीलाला त्या आठवड्यात जे मिळणार होते ते काही फार नव्हते. पानावर बोटभर जास्त जागा, एवढेच. पण रविवारी तिच्या माहेरची माणसे येणार होती. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा अल्बम हातोहात फिरणार होता, आणि हे घर कोण सांभाळते ते पाहुण्यांना पहिल्याच पानावर कळायला हवे होते.

मित्रांनो, मी एक जुना झेंडू आहे. हुंगायला वाकू नका, मला वास नाही. कुठल्यातरी बागेत एक खरा झेंडू होता. त्याचा फोटो काढून देठ, पाने, मागची माती, सगळे खोडून टाकले, आणि उरलो तो मी. रिबिनी, लेस आणि फुलपाखरांबरोबर मला अल्बम सजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले. तिथे पानावर ठेवलेली प्रत्येक वस्तू आपापल्या थरावर बसते. काचेच्या तावांवर एकेक चित्र चिकटवावे आणि ताव एकावर एक रचावेत, तसे. चित्राचा कोपरा धरून बाहेर ओढले की ते मोठे होते, आत ढकलले की लहान. वरच्याने खालच्याला झाकले तरी खालचे कुठे जात नाही. वरचे सरकवले की ते पुन्हा दिसते.

पुष्कळ वर्षे मी राबलो. बारशी, मुंजी, वास्तुशांत, सगळीकडे मी होतो. "अगदी खरा वाटतो," असे लोक म्हणायचे. मग गुलाबांचा नवा संच आला आणि माझी रवानगी जुन्या सजावटीच्या फोल्डरमध्ये झाली. एवढ्या नोकरीत एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. मला लहान ठेवतात तेव्हा मी शोभा असतो. मला मोठे करतात तेव्हा माझ्याखाली काहीतरी असते. कधी पोपडे निघालेली भिंत, कधी सोडून गेलेला जावई. म्हणून कोणी माझ्या कोपऱ्याला हात लावला की मी आधी खाली पाहतो.

चारुशीलाने मला त्या फोल्डरमधून उचलले, ते जरीपटका नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये. तिचे सासरे मधुकरराव उमरेडला कोळसा खाणीच्या कचेरीत हजेरी लिहायचे. निवृत्तीनंतर ते मुलाकडे, मुकुंदकडे, राहायला आले. अल्बमबद्दल त्यांनी एकच मागणी केली होती.

"पार्वती मधात पाहिजे, सूनबाई. बाकी तुमचं तुम्ही पहा."

पार्वतीबाई त्यांची पत्नी. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. कॅमेरा दिसला की त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या, त्यामुळे त्यांचा आयुष्यभरात एकच फोटो निघाला, तोही लग्नानंतर महिनाभरात, उमरेडच्या स्टुडिओत. दोघे शेजारी शेजारी उभे, खांद्याला खांदा लावून. चारुशीलाने तो फोटो मोबाईलवर टिपला, त्यातून पार्वतीबाईंचा चेहरा तेवढा कापून घेतला आणि पानाच्या बरोबर मध्यभागी ठेवला. चार बाजूंना मधुकरराव, मुकुंद, ती स्वतः आणि नणंद दीप्ती. मी कोपऱ्यात, लिंबाएवढा. सोमवारी पान असे होते, आणि चांगले होते.

मंगळवारी चारुशीलाने स्वतःचा फोटो बोटभर ओढला. "पदराचा काठ कटून राहिला होता," असे ती मोठ्याने म्हणाली. खोलीत दुसरे कोणी नव्हते. जागा करायला तिने पार्वतीबाईंना जरा डावीकडे सरकवले.

बुधवारी दीप्ती एसटीने उमरेडहून आली. वहिनी भाजी आणायला खाली उतरली तशी ती कॉम्प्युटरपुढे बसली. सख्खी लेक आणि एवढीशी? तिने स्वतःला दोन बोटे वाढवले. सासूपेक्षा सून ठळक दिसू नये म्हणून तिने हे केले, असे तिला वाटत होते. पण वाढलेली लेक आईच्याच अंगावर आली. मग आईला थोडे लहान केले.

गुरुवारी मुकुंद ऑफिसातून आला. "नुसतं सरळ करतो," म्हणत तो बसला आणि उठला तेव्हा दीड बोटाने रुंद झाला होता. पार्वतीबाई आता तिकिटाएवढ्या उरल्या होत्या. मित्रांनो, माझा संशय या तिघांवर सारखाच होता, कारण त्यांचा एकमेकांवर होता आणि त्यात तिघेही बरोबर होते.

शुक्रवारी सकाळी चारुशीलाने पान उघडले.

"ताई, माझा फोटो लहान काहून दिसून राहिला?"

"मले काय माहीत वं वहिनी? तुमचाच फोटो आकसला असन."

"फोटो काय पापड आहे का, उन्हात आकसाले?"

चारुशीलाने पुन्हा स्वतःला ओढले, या वेळी दीड बोट. तिची कड आणि मुकुंदचे कोपर आता एकमेकांवर चढले, आणि जोड वाईट दिसू लागला. तिने माझा कोपरा धरला. मी लिंबाचा संत्रे झालो, संत्र्याचा पपई. मला सगळ्यात वरच्या थरावर नेऊन तिने त्या जोडावर बसवले. मी सवयीने खाली पाहिले. खाली पार्वतीबाई होत्या.

चारुशीलाने पाहिले नाही. तिचे सगळे लक्ष दीप्तीच्या पावलांकडे होते. पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून तिने सगळे थर मिळवून एक करून टाकले आणि जुन्याच नावाने साठवले. "आता ओढून दाखवा," ती पुटपुटली. थर एक झाले की कोणीच सरकत नाही. मीही नाही.

अल्बम छापून आला. रविवारी दिवाणखान्यात पाहुणे दाटीने बसले आणि मधुकररावांच्या मांडीवर पहिले पान उघडले गेले. त्यांचे बोट मुकुंदवरून दीप्तीवर गेले, चारुशीलावर गेले आणि माझ्यावर येऊन थांबले.

"पार्वती कुठी आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

"फुलाखाली आहेत, बाबा," चारुशीला म्हणाली.

"मग फूल सरकव ना."

"आता नाही सरकत."

"काहून? फूलच आहे ना ते?"

 मधुकररावांनी खिशातून पाकीट काढले आणि त्यातून तो उमरेडचा फोटो. तो त्यांनी माझ्यावर ठेवून पाहिला. फोटो दोघांचा होता, रुंद होता. एका बाजूने दीप्तीचा गाल झाकला गेला, दुसऱ्या बाजूने चारुशीलाचा. त्यांनी मान वर करून आधी लेकीकडे पाहिले, मग सुनेकडे. दीप्ती नखांकडे पाहत राहिली. चारुशीलाने अल्बम नीट धरायच्या निमित्ताने जरासा आपल्याकडे ओढला. झाकू द्या, असे कोणी म्हटले नाही.

"कैची आण गा, मुकुंद."

मुकुंदने ती आणून दिली. कशाला हवी, ते त्याला कात्री चालू लागल्यावर कळले.

"बाबा, तुम्ही स्वतःले कापून राहिले! थांबा ना, आपण नवीन छापू."

"नवीन छापसान तं पुन्हा ओढताण करसान. तिले एवढी जागा पुरते."

त्यांनी डिंक लावला आणि पार्वतीबाईंना माझ्यावर चिकटवले. कापलेली पट्टी चहाच्या बशीत पडली. थोड्या वेळाने बशी उचलली गेली.

मित्रांनो, चित्र मोठे करायला कोपरा धराल तेव्हा आधी त्याच्याखाली कोण आहे ते पाहून घ्या. खालचा माणूस ओरडत नाही.

मुकुंदला दीड बोट मिळाले, दीप्तीला दोन, चारुशीलाला दोन हप्त्यांत अडीच. दिले मधुकररावांनी. एक खांदा, विशीतला एक चेहरा, आणि बायकोच्या शेजारी उभे राहायची होती ती एकच जागा.