करपल्याचा वास

"पिशवीत एवढं काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन साड्या, टॉवेल, साबण. आणि एक चादर," नलिनी राऊळ म्हणाली. "तिथे चादर देतात की नाही ते माहीत नव्हतं."

"तिथे म्हणजे कुठे?"

"ठाण्याला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुंबईत 'ठाण्याला पाठवू का' असं कुणी थट्टेत म्हटलं तरी त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मनोरुग्णालयाचं नाव घ्यायची गरज पडत नाही. नलिनीने मात्र ते कधी थट्टेवारी नेलं नव्हतं. नोकरी लागल्यावर तिने खोली घेतली ती मुद्दाम मुलुंडला. वेळ आलीच तर पोचवणाऱ्याला फार लांब जावं लागू नये, एवढाच तिचा हिशेब होता. लोक घर घेताना बाजार बघतात, शाळा बघतात, या बाईने हे बघितलं.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. त्या आठवड्यात कानाला हेडफोन लावलेला असताना ती अचानक गप्प झाली. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून दमला आणि ही समोर टक लावून, तोंडातल्या तोंडात काही चावल्यासारखं करत पदराचं टोक चिमटीत ओढत बसली. मग भानावर आली. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. सुपरवायझर प्रेमा तिची जुनी मैत्रीण. तिने बाजूला नेऊन सांगितलं, "नलू, रागवू नको यार, पण दाखवून ये. लोक बोलायला लागलेत गं." तिनेच महापालिकेच्या इस्पितळातल्या मनोविकार विभागाचा पत्ता काढून दिला. नलिनीने वाद घातला नाही. खोलीची किल्ली शेजारणीकडे दिली, पिशवी भरली आणि आली.

"काय होतं ते अगदी सुरुवातीपासून सांगा," डॉक्टर म्हणाल्या. वयाने त्या नलिनीच्या भाचीपेक्षा फार मोठ्या नसतील, पण त्यांना घाई नव्हती.

"आधी वास येतो. दूध करपल्याचा. मग पोटातून काहीतरी वर चढतं. हे सगळं पूर्वी एकदा झालंय असं वाटतं. पुढचं आठवत नाही. जाग येते तेव्हा कुणीतरी माझ्याकडे बघत असतं."

"हे कधीपासून?"

"विशीपासून."

"आणि एवढ्या वर्षांत कुणाला दाखवलं?"

"दाखवायचं काय त्यात? काय आहे ते मला माहीतच होतं ना."

माहीत होतं ते असं. मालवणकडच्या घरी तिची आई चुलीपुढे बसल्या बसल्या अशीच थांबायची. "गो नलू, काय करपता बघ," म्हणायची, आणि चुलीवर तर नुसतं पाणी असायचं. मग आईचं तोंड हलू लागायचं, लुगडं ओढणं सुरू व्हायचं. गाव म्हणाला, बाधा. देवाला गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. पुढे ती एकदा तशीच चुलीत हात घालून बसली, तेव्हा तिला गोठ्यालगतच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. ती कडी आई गेली तेव्हाच निघाली. त्या खोलीत जेवणाचं ताट सरकवायचं काम लहानग्या नलिनीकडे होतं.

विशीत पहिल्यांदा तो वास आला तेव्हा ती थोरल्या भावाकडे, गुणाजीकडे, पार्ल्याला राहत होती. तिने सगळ्या घराला विचारलं, कुणालाच येत नव्हता. तिथेच तिने निकाल लावून टाकला. वेड रक्तात आहे, आईचं ते आपल्यात आलंय. कुठे विचारपूस नाही, तपासणी नाही. आरोपी तीच आणि न्यायाधीशही तीच. दत्ताराम नावाचा एक चांगला मुलगा तिला सांगून आला होता. त्याला तिने निरोप पाठवला की मला तुम्ही पसंत नाही. भावाला आणि त्याच्या बायकोला मात्र खरं कारण सांगितलं, आणि भाची अनुपमा जन्मली तेव्हा स्वतःच बजावलं, "शेवंतीवहिनी, पोर माझ्या हातात देऊ नको हं. माझं काही सांगता येत नाही." शेवंतीने ते कसोशीने पाळलं.

डॉक्टरांनी तिला मेंदूचा आलेख काढायला पाठवलं. डोक्याला लगदा लावून वायरी चिकटवू लागले तशी ती पांढरीफटक पडली.

"शॉक देणार ना?" तिने तिथल्या भीमराज नावाच्या माणसाला विचारलं. "एवढंच सांगा, दात धरून ठेवू का?"

"शॉक कसला हो बाई? हे आत काही सोडत नाही. तुमच्या डोक्यात जे चाललंय ते फक्त कागदावर उतरवतं. डोळे मिटा आणि पडून राहा."

ती पडून राहिली. दात तिने तरीही घट्ट धरले होते.

निकाल सांगताना डॉक्टरांनी तो कागद तिच्यापुढे पसरला. "हे वेड नाही. फिट आहे, नलिनीबाई."

"फिट? पण मी कधी पडले नाही हो. फेस नाही, हातपाय झाडले नाहीत."

"सगळ्या फिट्समध्ये माणूस पडत नाही. ही मेंदूच्या एका कोपऱ्यात येते. तो वास तिथूनच येतो. गोळ्या सुरू करू. बऱ्याच जणांच्या थांबतात, तुमच्या किती थांबतात ते बघू."

नलिनीला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. कानाशी कुणीतरी थाळी आपटावी तसं तिला झालं.

"मी वीस वर्षांची होते तेव्हा असायच्या का गोळ्या?"

"या नव्हत्या. दुसऱ्या होत्या," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग हळूच, "होत्या."

"म्हणजे माझ्या आईला वेड नव्हतं. तिलाही हेच होतं. आम्ही तिला कोंडून..."

"थांबा. पुन्हा तुम्ही स्वतःच ठरवताय. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे मी हो म्हणणार नाही." त्यांनी कागदाची घडी घातली. "नाहीसुद्धा म्हणता येणार नाही."

नलिनीने मान हलवली. लहानपणी आईचं ताट सरकवलं की ती दारातूनच पळून यायची, आपल्यालाही वेड लागेल म्हणून.

गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगून झाल्यावर डॉक्टरांनी सूचना दिल्या. गॅसपाशी एकटीने उभं राहायचं नाही, गच्चीच्या कठड्याशी जायचं नाही.

"आणि लहान मूल घेतलं तर चालेल?" नलिनीने विचारलं.

"गोळ्या लागू पडेपर्यंत उभ्याने नको. जमिनीवर बसून, जवळ कुणीतरी असताना, खुशाल घ्या."

ती तिथून मुलुंडला गेलीच नाही. पिशवी तशीच घेऊन पार्ल्याला उतरली. स्टेशनबाहेर कारखान्यातल्या बिस्किटांचा खरपूस वास पसरला होता. पार्लं तिला आवडायचं ते यासाठीच, इथला वास सगळ्यांना येतो, कुणाला विचारावं लागत नाही.

अनुपमा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी दोन महिन्यांची झाली होती. शेवंती तिला खांद्यावर घेऊन थोपटत होती. नलिनीने दारातच सगळं सांगून टाकलं, आलेख, फिट, गोळ्या. गुणाजीने हातातला पेपर खाली ठेवला.

"म्हणजे आये..." तो म्हणाला. उठून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"वन्सं, आम्ही कधी तुम्हाला वेडी म्हटलंय का?" शेवंती म्हणाली. म्हणता म्हणता ती एक पाऊल मागे सरकली होती आणि बाळाच्या पाठीवरचा तिचा हात घट्ट झाला होता. हे आपण करतोय हे तिला कळलंही नसावं. इतक्या वर्षांची सवय, आणि ती लावली होती नलिनीनेच.

नलिनी भिंतीला टेकून जमिनीवर बसली, पदर खोचला आणि मांडी घातली.

"आई, दे तिला आत्याकडे," अनुपमा म्हणाली.

"अगं पण..."

"दे म्हणते ना."

शेवंतीने दिलं नाही, अनुपमानेच तिच्या खांद्यावरून मुलीला उचललं आणि नलिनीच्या मांडीवर ठेवलं. नलिनीचे हात हवेतच राहिले. सेहेचाळीस वर्षांच्या त्या बाईला ते कुठे ठेवायचे हे माहीत नव्हतं.

"आत्या, मानेखाली हात घाल. असा नाही गं, पंजा पसर. हां."

नलिनीने पंजा पसरला. पोरीचं डोकं त्यात मावलं, कोमट आणि ओलसर. तिला टाळूवरच्या तेलाचा वास आला. सवयीने ती विचारणार होती, तुम्हालाही येतोय ना. तिने विचारलं नाही.

शेवंती समोर उकिडवी बसली होती. तिने आपले दोन्ही हात मुलीच्या खाली, नलिनीच्या मांडीला लागून, पसरून धरले होते. पोर झोपली तरी तिने ते काढले नाहीत. नलिनीने त्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांना नीट जागा व्हावी म्हणून गुडघा थोडा आत घेतला.